चेहऱ्याला लावायचे स्वयंपाकघरातले जिन्नस: तक्त्याच्या कामाच्या नोंदी

१८ ऑगस्ट २०२५

काम ठरलं. दिवाळीआधी भिंतीवर लावायचा एक तक्ता, ए-थ्री आकाराचा. वाचणारे दोन: उटणं तयार करणारे बचत गट आणि ब्युटी पार्लरचं काम शिकणाऱ्या मुली. डब्यातून, फ्रिजमधून, फळीवरून उचलून लोक जे थेट तोंडाला लावतात त्यातलं काय चालतं, किती, किती वेळ, आणि कशाला हातही लावू नये, एवढंच त्यात.

यादी: लिंबाचा रस, लिंबाची साल, टोमॅटो, दही, दूध, साय, मध, बेसन, मसूर डाळ, हळद, जायफळ, दालचिनी, लवंग, लसूण, कच्ची पपई, बटाटा, अंड्यातला पांढरा भाग, साखर, मीठ, खायचा सोडा, व्हिनेगर, खोबरेल, शेंगदाणा तेल, मोहरीचं तेल. मुलतानी माती आणि कोरफड फळीवर नसतात, पण लेपात हमखास असतात, म्हणून तीही घेतली.

रकाने सध्या तीन: चालेल, जपून, नको.

चाचणी कुणाच्याही चेहऱ्यावर करायची नाही. सामू (७ खाली आम्ल, ७ वर अल्क), दाण्याचा आकार, साठवणीत होणारा बदल एवढं टेबलावर मोजायचं. त्वचेवर काय होतं ते त्वचारोगशास्त्रात पक्कं नोंदलेलं असेल तेवढंच घ्यायचं.

२० ऑगस्ट

सामू म्हणजे पीएच मोजायला घेतला. मीटर ४, ७ आणि ९.२ च्या बफरवर, म्हणजे ठरलेल्या सामूच्या द्रावणांवर, लावून घेतला. कागदी पट्ट्या बाजूला ठेवल्या: हळद आणि टोमॅटो पट्टीचा रंगच बदलतात, वाचन फसतं. कोरड्या पिठांसाठी १ भाग पीठ, १० भाग ऊर्ध्वपातित पाणी, १० मिनिटं ढवळून मग वाचन.

लिंबू रस २.३. पांढरं व्हिनेगर २.६. मध ३.९. टोमॅटो ४.३. दही ४.३. दूध ६.७. बेसन ६.५. खायचा सोडा, १०० मिली पाण्यात १ चहाचा चमचा, ८.३. मुलतानी मातीच्या दोन पुड्या दोन वेगळ्या दुकानांतून आणल्या होत्या, एक ७.४, दुसरी ८.६. मातीचा सामू खाणीवर अवलंबून असतो, त्यामुळे तक्त्यात तिचा एक आकडा देता येणार नाही.

चेहऱ्याच्या निरोगी त्वचेचा पृष्ठभाग ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो. तुलना त्याच्याशी.

तेलांचं वाचन घेतलं नाही. सामू पाण्यातल्या द्रावणाचा असतो, तेलाला सामू नसतो. ‘पीएच बॅलन्स्ड खोबरेल’ असं लिहिलेलं लेबल दिसलं तर त्यावर किती विश्वास ठेवायचा ते यावरून ठरवावं.

हळदीनंतर इलेक्ट्रोड पिवळा पडला. अल्कोहोलने पुसून, धुऊन पुन्हा ७ च्या बफरमध्ये तपासला. पुढच्या वेळी हळद सगळ्यात शेवटी.

२५ ऑगस्ट

सोडा. ८.३ हा आकडा ऐकायला भयंकर वाटत नाही. आंघोळीच्या साध्या साबणाचा सामू ९ ते १० असतो, मग सोड्यालाच वेगळं का काढायचं, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर वेळेत आणि घासण्यात आहे. साबण अर्ध्या मिनिटात धुतला जातो. सोडा थोड्या पाण्यात कालवून नाकावर, हनुवटीवर चोळला जातो, न विरघळलेल्या कणांसकट, आणि वर पाच-दहा मिनिटं तसाच ठेवला जातो. त्वचेचा सामू वर गेला की वरच्या पेशी धरून ठेवणारे सांधे तोडणारी विकरं (एन्झाइम) जास्त कामाला लागतात आणि त्याच वेळी ओलावा अडवणारी स्निग्धद्रव्यं बनवणारी विकरं मंदावतात. म्हणजे भिंत पाडणारे गवंडी वाढले आणि बांधणारे घरी बसले. दुसऱ्या दिवशी ‘चेहरा गुळगुळीत झाला’ असं वाटतं ते याचमुळे. ओढ, आग, लाली आठवड्याभराने येते.

‘सोड्यात लिंबू पिळलं की तो सौम्य होतो’ हे हिशोबाने तपासलं. एका कागदी लिंबाचा रस साधारण १५ मिली, त्यात सायट्रिक आम्ल सुमारे ०.७ ग्रॅम. एवढं आम्ल जेमतेम ०.९ ग्रॅम सोडा संपवतं. चहाचा एक चमचा सोडा जवळपास ५ ग्रॅम. फेस येतो, दिसायला झकास दिसतं, आणि चार ग्रॅम सोडा जिथल्या तिथे राहतो. मिश्रण मोजलं: ८ च्या वरच. उलट रस जास्त घेतला तर मिश्रण आम्लाकडे झुकतं. अंदाजाने मधला बिंदू साधत नाही, आणि साधला तरी हातात राहतं ते खारट पाणी.

तक्त्यात एक ओळ ठळक हवी: खायचा सोडा, पापडखार आणि धुण्याचा सोडा एक नव्हेत. शेवटच्या दोघांचा सामू १० च्या पुढे जातो. सुट्या पुड्यांत ही अदलाबदल सहज होते.

सोडा: नको.

२८ ऑगस्ट

लिंबू. आजचा सगळा दिवस यात गेला, आणि तीन रकान्यांची मांडणी इथेच मोडली.

दोन वेगळे धोके आहेत आणि लोक ते एकच समजतात.

पहिला आम्लाचा. सामू २.३. पाणी घालून सौम्य करावं म्हणतात, म्हणून १ भाग रस आणि ९ भाग पाणी केलं: २.७. दहापट पातळ करूनही अर्धा अंकसुद्धा सरकला नाही. सायट्रिक हे रसायनशास्त्राच्या भाषेत सौम्य, म्हणजे पाण्यात थोडंच विलग होणारं आम्ल असल्यामुळे असंच होतं. मात्र एकूण आम्ल दहापट कमी झालं, त्यामुळे झोंबणं कमी होईल हे खरं. मोजपट्टी म्हणून हे पाहा: ग्लायकोलिक आणि लॅक्टिक आम्लाच्या प्रसाधनांसाठी अमेरिकेतल्या घटक-तपासणी मंडळाने घरगुती वापराला १० टक्क्यांपर्यंत आम्ल आणि सामू किमान ३.५, तर प्रशिक्षित माणसाच्या हातून सलूनमध्ये ३० टक्क्यांपर्यंत आणि सामू किमान ३.० अशी मर्यादा घातली, तीही उन्हापासून संरक्षणाच्या अटीसह. घरचं लिंबू सलूनच्या मर्यादेच्याही खाली बसतं. दही मात्र ४.३ आणि लॅक्टिक आम्ल १ टक्क्याच्या आसपास. दोन्ही कसोट्यांवर आरामात उतरतं.

दुसरा धोका उन्हाचा, आणि तो आम्लाशी संबंधित नाही. लिंबात, विशेषतः सालीच्या तेलात, फ्युरोकुमरिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेत मुरतात आणि उन्हातले यूव्ही-ए किरण पडले की पेशींच्या डीएनएला चिकटतात. लावताना काही होत नाही. साधारण २४ तासांनी आग आणि लाली, दोन-तीन दिवसांत कळस, काहींना फोड, आणि मग राहतो तो तपकिरी डाग: आठवडे, कधी महिने. ओघळ जिथून गेला तिथे ओघळाच्याच आकाराचा. ज्या डागासाठी लिंबू लावलं त्याहून गडद डाग घेऊन माणूस परत येतो. सावळ्या, गव्हाळ त्वचेत जळजळ झाल्यावर डाग उरण्याची खोड मुळातच जास्त, त्यामुळे आपल्याकडे हा व्यवहार आणखी तोट्याचा.

याच कुळातलं द्रव्य म्हणजे सोरालेन. ते बावचीत भरपूर असतं, त्याचं नावही बावचीच्या शास्त्रीय नावावरून पडलं. कोडावर बावची लावून उन्हात बसवायची जुनी रीत याच गुणावर चालते. तिथे काळेपणा हवा असतो. इथे ‘उजळायला’ म्हणून तेच लावलं जातं.

परदेशी कृतींत ‘लेमन’ लिहिलेलं असतं. आपलं कागदी लिंबू म्हणजे ‘लाइम’, वेगळं फळ. सुगंधी द्रव्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्वचेवर तसंच राहणाऱ्या प्रसाधनांत सालीच्या दाबून काढलेल्या तेलाला मर्यादा दिल्या आहेत: लेमन २ टक्के, लाइम ०.७ टक्के. म्हणजे आपल्या लिंबाला जवळपास तिपटीने कडक. रस आणि सालीचं तेल वेगळं ठेवता येईल असंही नाही. लिंबू बोटांनी पिळताना सालीतलं तेल रसात उडतंच. उरलेली फोड तोंडावर फिरवणं हा सगळ्यात वाईट प्रकार, कारण तिथे थेट साल लागते.

‘रात्री लावून सकाळी धुवा’ हा सल्ला आम्लाचा प्रश्न आठ तास लांबवतो आणि उन्हाचा प्रश्न पूर्ण सोडवत नाही. यूव्ही-ए ढगातून आणि खिडकीच्या काचेतूनही येतो.

लिंबू: नको, रस आणि साल दोन्ही. सरबत करताना हातावर, तोंडावर उडालं तर साबणाने धुणं आणि दोन दिवस ती जागा झाकणं, हेही लिहायचं.

रकाने बदलले. ‘जपून’ या शब्दाने कुणालाच काही कळत नाही. आता: जिन्नस, प्रमाण, वेळ, ऊन, कुणी टाळावं.

२ सप्टेंबर

हळद. हिचं कौतुकही खूप आणि भीतीही उगाच. चिमूटभर, म्हणजे ०.२ ते ०.३ ग्रॅम, दोन चमचे लेपात पुरते. जास्त घातल्याने गुण वाढत नाही, फक्त रंग चढतो. हळदीला पिवळा रंग देणारं करक्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, म्हणून चेहरा धुऊनही पिवळा राहतो आणि माणूस आणखी घासतो; नुकसान घासण्याचं होतं. उतरवायचा मार्ग: कापसावर थोडं तेल घेऊन पुसणं, मग सौम्य फेसवॉश. वायगावच्या हळदीत करक्युमिन जास्त, डागही तितकाच पक्का.

हळदीच्या डागावर साबण लागला की तो लाल होतो, हे घरोघरी माहीत आहे. हळदीला चुना लावून कुंकू करायची रीतही त्याच रसायनावर उभी आहे. म्हणजे हळद हीच सामूची पट्टी झाली. लेपात चिमूटभर हळद घालून ठेवली आणि रंग पिवळ्याचा तांबूस-नारिंगी झाला, तर मिश्रण अल्कधर्मी आहे, लावू नये. सोड्याच्या द्रावणात आणि ८.६ च्या मुलतानी मातीत हे स्वच्छ दिसलं, ७.४ वाल्या पुडीत दिसलं नाही. मीटर नसलेल्या गटांसाठी तक्त्यात हीच युक्ती.

हळदीची ॲलर्जी असते, क्वचित पण असते. खाण्यात वर्षानुवर्षं असूनही त्वचेला चालत नाही, असं होऊ शकतं.

५ सप्टेंबर

हळदीतली भेसळ. मेटॅनिल यलो हा रंग आणि लेड क्रोमेट हे शिशाचं रंगद्रव्य. बांगलादेशात हळकुंडं चमकवायला लेड क्रोमेट चोळलं जात असल्याचं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवलं गेलं. शिसं अखंड त्वचेतून फारसं शिरत नाही, पण चेहऱ्यावरचा लेप ओठांपर्यंत, बोटांपर्यंत आणि मांडीवरच्या बाळापर्यंत जातो.

घरची चाचणी: काचेच्या ग्लासात पाणी, त्यात अख्खं हळकुंड, न ढवळता. लगेच भडक पिवळा रंग सुटला तर संशय घ्यावा. भेसळ नसलेलं हळकुंड असा रंग सोडत नाही. पुडीसाठी चमचाभर पाण्यावर टाकायची. चांगली पूड तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं, गडद पिवळं पाणी पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची खूण. मर्यादा: लेड क्रोमेट पाण्यात विरघळत नाही आणि तळाशी बसतं, म्हणून पुडीत ते या चाचणीला चकवतं. ‘हळकुंड आणा, घरी दळा’ हा सल्लाही अर्धाच, कारण भेसळ हळकुंडाच्या पाठीवरच असते. ब्रशने घासून, दोन पाण्यांनी धुऊन, कडक वाळवून मग दळायचं. लेपासाठी एवढा खटाटोप नको असेल तर हळद वगळावी. लेपाचं काही अडत नाही.

९ सप्टेंबर

दाणे. घरातली साखर चिमटीत घेऊन भिंगाखाली: साधारण १ मिलिमीटरचे, धारदार कडांचे घन. मीठ त्याहून बारीक, पण कडा तशाच. चेहऱ्यावर रगडायला दोन्ही नकोत. साखर पाण्यात विरघळते म्हणून सौम्य, असं म्हणतात. पण तेलात किंवा मधात कालवली तर ती विरघळतच नाही, आणि बहुतेक कृती तेलामधाच्याच असतात. तळपाय, कोपर यांना खुशाल वापरावी.

मसूर डाळ मिक्सरमध्ये दळून १०० मेशच्या चाळणीतून काढली, म्हणजे भोकं साधारण १५० मायक्रॉनची (०.१५ मिलिमीटर). वर रवाळ भाग बराच उरला. तो पुन्हा दळला, पुन्हा चाळला. चाळणी नसेल तर मलमलचं दुपदरी कापड पातेल्यावर ताणून बांधायचं. पीठ दोन बोटांत चोळल्यावर कण टोचला तर परत मिक्सरमध्ये.

बेसनाचा लेप वाळून तडकेपर्यंत ठेवायची सवय मोडायला हवी. वाळताना तो त्वचेचा ओलावा ओढतो, आणि वाळलेला लेप चोळून काढणं म्हणजे पॉलिशपेपर. कडा वाळू लागल्या, मधला भाग ओलसर आहे, तेवढ्यात पाण्याने भिजवून उतरवायचा. ८ ते १० मिनिटं.

१२ सप्टेंबर

आज सगळ्यात जास्त वाद. ‘जे खातो ते लावायला हरकत काय?’

हरकत अशी, की पोटात गेलेल्या अन्नाला शरीर सहन करायला शिकतं, आणि फाटक्या त्वचेतून आलेल्या त्याच प्रथिनाला ते शत्रू समजू शकतं. जपानमध्ये गव्हाचं जलविघटित (तुकडे केलेलं) प्रथिन घातलेला चेहऱ्याचा साबण २०११ मध्ये बाजारातून परत घ्यावा लागला. वापरणाऱ्या २,००० हून अधिक जणांना गव्हाची ॲलर्जी जडल्याची नोंद झाली, पोळीपावासारखं काही खाऊन हालचाल केली की अंगावर पित्त, सूज, काहींना बेशुद्धी. आधी ते गहू निर्धास्त खात होते. ब्रिटनमधल्या मुलांच्या २००३ सालच्या अभ्यासात पुरळ आलेल्या त्वचेवर शेंगदाणा तेलाचं क्रीम लावणं आणि पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी यांचा संबंध दिसला.

इथे ताणू नये. साबणातलं प्रथिन आम्लाने तोडलेलं होतं आणि फेसकारक द्रव्याबरोबर रोज लागत होतं. घरची कणीक म्हणजे ते नव्हे. निरोगी त्वचेवर आठवड्यातून एकदा बेसन लावणाऱ्याला घाबरवायचं कारण नाही. पण इसब असलेली त्वचा, वॅक्सिंग-थ्रेडिंगनंतरची, दाढीनंतरची, सोललेली, तसंच ट्रेटिनॉइन किंवा ॲडापलीन या मुरुमांवरच्या औषधांचं क्रीम लावणाऱ्यांची त्वचा, यांवर दूध, अंडं, बेसन, कणीक, शेंगदाणा काहीही नको. थ्रेडिंगनंतर किमान दोन दिवस. पार्लरमधल्या मुलींसाठी ही ओळ मोठ्या अक्षरात. नेमकं थ्रेडिंग झाल्यावरच ‘थंडाव्याला’ काहीतरी लावलं जातं.

अंड्यातला पांढरा भाग: वाळताना ताणतो, म्हणून ‘घट्ट’ वाटतं, आणि धुतल्यावर ते संपतं. कच्च्या अंड्यात साल्मोनेला हा जंतू असू शकतो आणि चेहऱ्यावरून ओठ दूर नाहीत. नको.

१६ सप्टेंबर

आज भराभर उरकलं.

लसूण: मुरुमावर चिकटवून झोपल्याने रासायनिक भाजल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या आहेत. नको, पाच मिनिटंही नको.

दालचिनी-मध: दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड त्वचेला चेतवणारं आणि ॲलर्जी जडवणारं. मध चिकट, म्हणून ते जागच्या जागी धरून ठेवतं. नको. मध एकटा, पाणी न घालता, १० मिनिटं: चालतो, मधमाशीची उत्पादनं किंवा परागकण सोसत नाहीत त्यांनी सोडून.

लवंगेचं तेल: दातासाठीही कापसावर थेंबभर लागतं, गालावर नको.

कच्ची पपई: चिकातलं पपेन प्रथिनं तोडतं, हे मटण मऊ करणाऱ्यांना ठाऊक आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये त्वचेवर लावायच्या, परवाना नसलेल्या पपेन-औषधांवर तीव्र ॲलर्जीच्या तक्रारींवरून कारवाई केली. पिकलेल्या पपईत चीक फारच कमी. तरी रबराच्या हातमोज्यांची ॲलर्जी असलेल्यांनी दूर राहावं.

जायफळ: सहाणेवर दुधात उगाळून. तीन-चार वळसे, डागापुरतं, १० मिनिटं. रात्रभर नको, सुगंधी तेलं चेतवतात आणि उगाळलेल्यात खरखरीत कण असतात.

व्हिनेगर: नको. चामखीळ काढायला कापूस भिजवून पट्टी बांधणं तर मुळीच नको, पट्टीखाली आम्ल तासन्‌तास काम करतं.

बटाट्याची चकती: अपायही नाही, उपयोगही नाही. थंड वाटते. टोमॅटो झोंबला तर लगेच धुवावा, न झोंबल्यास ५ मिनिटं.

कोरफड: पान कापून १५-२० मिनिटं उभं ठेवावं, पिवळा चीक निथळू द्यावा, साल काढून गर धुवावा. खाज येते ती बहुधा त्या चिकाची.

१९ सप्टेंबर

तेलं. खोबरेलात जवळपास अर्धं लॉरिक आम्ल, हे एक स्निग्धाम्ल (फॅटी ॲसिड). हातापायांच्या कोरड्या त्वचेला उत्तम, मुरुमं येणाऱ्या चेहऱ्याला छिद्रं बुजवणारं. कोकणपट्टीच्या दमट हवेत कपाळावर एकसारखे बारीक, खाजरे पुरळ येत असतील तर ते मुरुमं नसून मॅलासेझिया या बुरशीचे असू शकतात, आणि तिला तेलातली स्निग्धाम्लं म्हणजे खाऊ. तेल चोळल्याने वाढतात.

मोहरीच्या तेलाचा झणका येतो ज्या द्रव्याने, तेच त्वचा चेतवतं. चेहऱ्याला नको. ऑलिव्ह तेल महाग म्हणून चांगलं, असं नाही. त्यात ओलेइक आम्ल जास्त, ते त्वचेची भिंत सैल करतं, आणि २०१३ च्या अभ्यासात सूर्यफूल तेल त्याच्या तुलनेत बरं ठरलं. सूर्यफुलासारखंच लिनोलेइक आम्ल (आणखी एक स्निग्धाम्ल) भरपूर असलेलं आपल्याकडचं तेल म्हणजे करडई. रिफाइन्ड, ताजं, ३-४ थेंब. खवट वास आला की फेकावं.

साय: मुरुमं असतील तर नको. कोरड्या त्वचेला १० मिनिटं, मग धुऊन.

२६ सप्टेंबर

साठवण. तीन वाट्या, खोलीचं तापमान ३० अंशांच्या आसपास, झाकण ठेवून. बेसन-दूध, बेसन-दही, बेसन-मध.

बेसन-दूध दुसऱ्या दिवशी सकाळी बुडबुडलेलं, आंबट वासाचं. बेसन-दही तितकं बदललं नाही, कारण ते आधीच आंबट. बेसन-मध जसंच्या तसं, पण चमचाभर पाणी घातलेली त्याची जोडवाटी दुसऱ्या दिवशी फसफसली. मध टिकतो त्यात मोकळं पाणी कमी असल्यामुळे. पाणी घातलं की ते कवच गेलं.

आंबलं म्हणजे ‘प्रोबायोटिक’ झालं, असं कुणी म्हणालं तर उत्तर तयार ठेवायचं. दह्यात काय वाढलंय ते विरजणामुळे माहीत असतं, या वाटीत काय वाढलंय ते माहीत नसतं. कच्चं पीठ निर्जंतुक नसतं. बाजारच्या प्रसाधनांना आंतरराष्ट्रीय मानकाची मर्यादा ग्रॅममागे १,००० जंतू, डोळ्यांभोवतीच्या आणि तीन वर्षांखालच्या मुलांच्या वस्तूंना १००. वाटीतल्या लेपाला संरक्षक नाही, म्हणून नियम सरळ: एका वेळेपुरतं कालवायचं, उरलेलं टाकायचं. बर्फाच्या साच्यात गोठवून महिनाभर वापरायची कृतीही नको. गोठल्याने जंतू मरत नाहीत, थांबतात, आणि बर्फाचा खडा गालावर फिरवणं हा वेगळाच त्रास.

कोरडं उटणं टिकतं ते कोरडं असेपर्यंत. ओला हात डब्यात गेला की संपलं. डब्यात कोरडा चमचा ठेवूनच विकावं.

३ ऑक्टोबर

जिन्नस आपल्या त्वचेला सोसतो का, हे आधी पाहायच्या चाचणीची पद्धत लिहून काढली. ‘कानामागे लावून २४ तास ठेवा’ हे तक्त्यातून हटवलं. धुऊन टाकायचा लेप २४ तास ठेवला तर साधं बेसनही ओरखडेल आणि निकाल खोटा येईल.

कोपराच्या आतल्या बाजूला, तीन-चार सेंटिमीटरच्या गोलात, चेहऱ्यावर ठेवणार तेवढाच वेळ, मग धुवायचं. पहिल्या अर्ध्या तासात गांधी, खाज आली तर तो जिन्नस कायमचा बाद. नाही आली तर दिवसातून दोनदा, त्याच जागी, ७ दिवस. संपर्काची ॲलर्जी उशिरा दिसते, दोन ते चार दिवसांनी. आणि नव्याने जडायला दहा-पंधरा दिवसही लागतात. म्हणून आठवडाभराची चाचणी पार पडली तरी महिन्याभराने खाज आली तर ‘चाचणी तर केली होती’ असं म्हणत लावत राहू नये. जो पदार्थ खाल्ल्यावर त्रास होतो त्याची चाचणीच करायची नाही. लिंबू, लसूण यांचीही नाही. उन्हाचा परिणाम कोपराच्या सावलीत दिसत नाही.

७ ऑक्टोबर

त्रास झाल्यावर काय, यासाठी तळाची पट्टी ठेवली. नळाचं गार वाहतं पाणी, २० मिनिटं. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून किमान १५ मिनिटं, आणि डॉक्टर. लिंबाने आग झाली म्हणून सोडा, सोड्याने झाली म्हणून लिंबू, हे नाही. बर्फ नाही. नंतर पातळसर पेट्रोलियम जेली आणि ऊन टाळणं. ओठ-पापण्या सुजल्या, श्वास अडला तर थेट रुग्णालय.

एक भर: औषधाच्या दुकानातून ‘खाजेची ट्यूब’ आणू नये. त्यात बहुतेकदा स्टेरॉइड असतं. २०१८ मध्ये केंद्राने त्वचेला लावायची स्टेरॉइडं चिठ्ठीवरच विकायच्या यादीत आणली, तरी ती सहज मिळतात. चेहऱ्यावर महिनाभर वापरली की त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, बंद केली की पुरळ उसळतं. लिंबाचा डाग त्याहून सोपा.

१० ऑक्टोबर

उटण्याची कृती नक्की केली, १०० ग्रॅमसाठी: मसूर डाळीचं पीठ ६०, मुलतानी माती १५ (हळदीच्या चाचणीत तांबूस न होणारी), गुलाबपाकळीचं चूर्ण १०, नागरमोथा ५, वाळा ५, आंबेहळद ५. सगळं वेगवेगळं दळून, १०० मेशमधून चाळून, मग एकत्र. वाळा तंतुमय असतो, एकत्र दळला तर त्याचे काड्यांसारखे कण चाळणीतून उभे निसटतात.

संत्र्याची साल काढली. गोड संत्र्याला लिंबाइतका उन्हाचा धोका नाही, पण वाळवून ठेवलेल्या सालीतलं लिमोनीन हवेने ऑक्सिडाइज झालं की ॲलर्जी जडवू शकतं, आणि सालीचं वय विकणाऱ्यालाही माहीत नसतं. गटांची नाराजी आली, वास कमी झाला म्हणून. अंगाच्या उटण्यासाठी वेगळं पाकीट करून त्यात कपूरकाचरी वाढवायला हरकत नाही. चेहऱ्याच्या पाकिटात नको. पाकिटावर दळल्याची तारीख आणि ‘मसूर आहे’ ही सूचना.

चेहऱ्यासाठी: २ चमचे उटणं, दह्यात किंवा पाण्यात, ५ मिनिटं, न रगडता. अभ्यंगाचं तेल चेहऱ्यावरून आधी पुसून घ्यावं, नाहीतर तेल निघेना म्हणून रगडलं जातं.

१३ ऑक्टोबर

छपाईचा पहिला नमुना आला. दोन दुरुस्त्या. हळदीसमोर ‘चिमूटभर’ऐवजी ‘चमचाभर’ छापलंय. आणि लिंबाच्या रांगेत चित्रकाराने पिवळं, लांबट, टोकदार परदेशी लेमन काढलंय. त्या जागी हिरवट, गोल कागदी लिंबू हवं. नरक चतुर्दशी २० तारखेला, म्हणून प्रती गुरुवारपर्यंत हातात हव्यात.